खोकी भरण्याआधी: घर रिकामं करताना कला, समीक्षा आणि शालेय गणिताची पुस्तकं कशी आवरावीत

सोसायटी पुनर्विकासाला गेलेली असते, चावी द्यायची तारीख ठरलेली असते आणि घरात कुणा शिक्षकाची, प्राध्यापकाची तीन-चार कपाटं पुस्तकं असतात. दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, कुठेही जा, हीच अवस्था. अशा घरांत मदतीला गेलं की काम बहुधा उलट्या टोकाने सुरू झालेलं दिसतं. आधी खोकी येतात. मग हाताला लागेल ते पुस्तक खोक्यात जातं आणि उरलेलं रद्दीवाल्याकडे. यादी म्हणे नवीन घरात गेल्यावर करू. ती कधीच होत नाही.

दुसरी चूक निवडीतली. जाड, चकचकीत, पुठ्ठा बांधणीची पुस्तकं राहतात आणि पातळ, मळकी, पिना मारलेली जातात. आधुनिक चित्रकला, साहित्यसमीक्षा आणि शालेय गणित या तीन विषयांत तरी हिशेब बराचसा उलटा आहे. जाड पुस्तक पुन्हा मिळतं, पातळ सहसा मिळत नाही.

हा लेख या तीन विषयांपुरताच आहे, कारण मुंबईच्या मराठी घरांत ते एकत्र सापडतात आणि तिघांचा कागद, बांधणी आणि पुढची वाट वेगवेगळी असते. कथा-कादंबऱ्या, पाककृती, पोथ्या यांचा विचार इथे नाही.

## तयारी: तारखेपासून मागे मोजा

पाच-सहाशे पुस्तकांसाठी दोन माणसांचे चार शनिवार-रविवार धरा. एक माणूस नीट पाहत, नोंद करत तासाला पंचवीस-तीस पुस्तकं करतो, त्याहून जास्त नाही. जो म्हणतो की एका रात्रीत उरकू, त्याच्या हाती कपाटाची चावी देऊ नका.

घर जूनपासून सप्टेंबरच्या मध्ये रिकामं करायचं असेल तर आणखी दोन आठवडे जोडा. पावसाळ्यात मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते आणि पासष्टच्या पुढे बुरशीला पोषक वातावरण मिळतं. तारीख आपल्या हातात असेल तर ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस सर्वांत चांगले.

सामान साधं आहे: जुन्या धुतलेल्या सुती कपड्यांची फडकी, रंगाचा मऊ रुंद ब्रश, मऊ शिशाची पेन्सिल, कोरे पांढरे कागद, कोरी पाकिटं, एन-९५ मास्क आणि एक हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर. मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि पुढची तीन वर्षं भाड्याच्या घरातही कामाला येतो. चिकटपट्टी मात्र खोक्यांसाठीच आणा. पुस्तकाच्या पानाला ती लावायची नाही, कारण काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि वरचं प्लास्टिक गळून डाग तेवढा मागे राहतो.

शेवटचा निर्णय कोणाचा, हेही आधीच ठरवा. तीन भावंडं तीन बाजूंनी ‘हे बाबांचं आवडतं होतं’ म्हणत राहिली की एकही पुस्तक जागचं हलत नाही. प्रत्येकाने आठवण म्हणून दहा पुस्तकं बाजूला काढावीत आणि बाकीचं एकावर सोपवावं.

सावधान: काम पूर्ण होईपर्यंत रद्दीवाल्याला घरात बोलावू नका. तो वजनावर पैसे देतो. जड ते आधी उचलायचं ही त्याची रीत आहे आणि घाईत दिलेलं परत मागता येत नाही.

## टप्पा १: हवा द्या आणि आजारी पुस्तकं वेगळी करा

एका वेळी एकच फळी रिकामी करा. पुस्तकं टेबलावर किंवा पलंगावर उभी ठेवून पानं थोडी उघडी करा आणि पंखा मंद चालू ठेवा. थेट उन्हात ठेवू नका. ऊन ओल घेतं खरं, पण वेष्टनाचे रंगही घेतं आणि जुना समीक्षाग्रंथ असेल तर पानं चुरा व्हायच्या वाटेला लागतात.

मग प्रत्येक पुस्तकाची पाठ, आतली शिलाई आणि कोपरे पाहा. बारीक चंदेरी किडा, वरवर कुरतडलेलं वेष्टन, खरवडल्यासारखा पुठ्ठा दिसला तर कसर. तिला पिठूळ खळ आवडते, म्हणून कापडी बांधणी आणि जुन्या पाठ्यपुस्तकांची पाठ ती आधी गाठते. मातीच्या रेघा किंवा आरपार पोखरलेली भोकं म्हणजे वाळवी. अशा वेळी पुस्तकाआधी कपाटाची मागची भिंत तपासा आणि तिथली एकही वस्तू खोक्यात घालू नका.

बुरशी दोन प्रकारची असते. बोट लावल्यावर ओलसर फरकटली तर जिवंत आहे. पीठ होऊन उडाली तर सुप्त आहे. जिवंत असेल तर पुस्तक आधी वेगळ्या खोलीत वाळू द्या आणि पूर्ण कोरडं झाल्यावर गॅलरीत, मास्क लावून, ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसणं, डेटॉल लावणं, अत्तर शिंपडणं या तिन्ही गोष्टी घराघरांत पाहिल्या आहेत आणि तिन्हींनी नुकसानच होतं.

कोरड्या पण कसर लागलेल्या पुस्तकांसाठी घरचा फ्रीझर उपयोगी पडतो. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड पुस्तकावर दमट हवेचं पाणी धरतं. आईस्क्रीमच्या शेजारी समीक्षाग्रंथ ठेवायला घरातून विरोध होईल, तो ऐकून घ्या आणि ठेवा.

भिजलेल्या कलापुस्तकाची गोष्ट वेगळी. आर्ट पेपरवर चिनीमातीसारख्या पांढऱ्या पदार्थाचा थर असतो. तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. म्हणून गळती दिसल्या दिसल्या, काही तासांच्या आत, प्रत्येक पानामध्ये कोरा कागद सरकवा आणि तो बदलत राहा. आधीच चिकटलेली पानं ओढू नका. ओढलं की दोन्ही चित्रं जातात.

तपासणी: खोलीतला मीटर साठच्या खाली आहे का? पुस्तकाच्या मधल्या पानावर तळहात ठेवला तर गार, दमट लागतं का? लागत असेल तर ते पुढच्या टप्प्यात जाणार नाही.

## टप्पा २: विषय लावण्याआधी पानं उलटा

इथे सगळ्यांना ढीग करायची घाई होते. आधी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा चाळायचं. झटकायचं नाही. झटकल्यावर आतला कागद पडतो आणि तो कुठल्या पानात होता ते कायमचं हरवतं.

समीक्षेच्या पुस्तकांत पत्रं, परीक्षणांची कात्रणं, चर्चासत्रांच्या पत्रिका निघतात. गणिताच्या पुस्तकांत चाचणीचे पेपर, विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या, एखादं न सुटलेलं उदाहरण चारदा मांडलेला वहीचा कागद. कलेच्या पुस्तकांत प्रदर्शनाची निमंत्रणं. जे निघेल ते कोऱ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर पेन्सिलने पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा. पिना, क्लिपा, रबरबँड काढून टाका. मुंबईच्या हवेत पिन गंजते आणि कागदाला भोक पाडते, रबर वितळून पानाला चिकटतं.

दोन गोष्टी इथेच बाजूला काढायच्या. एक, विद्यार्थ्यांची नावं-गुण, बँकेची पासबुकं, इतरांची खासगी पत्रं. ही पुस्तकासोबत बाहेर जाता कामा नयेत. दोन, कुठल्याही ग्रंथालयाचा किंवा शाळेचा शिक्का असलेली पुस्तकं. त्यावर निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून काढून टाकल्याचा शिक्का नसेल तर ते पुस्तक अजून त्यांचंच आहे. परत करा. वीस वर्षांनी परत आलेल्या पुस्तकासाठी दंड लावणारा ग्रंथपाल मला अजून भेटलेला नाही.

जुन्या कलापुस्तकांत आणखी एक काम आहे. छापील पानावर वरून, फक्त एका कडेला गोंद लावून चिकटवलेली रंगीत चित्रं असतात. सुरुवातीला किंवा शेवटी चित्रांची यादी असते. एकेक चित्र तिच्याशी ताडून पाहा. एक जरी गळालं असेल तरी पुस्तकाची किंमत आणि उपयोग दोन्ही घटतात, आणि गळालेलं चित्र बहुतेक वेळा त्याच फळीच्या मागे सापडतं.

## टप्पा ३: यादी

यादी म्हणजे ग्रंथालयाची तालिका नव्हे. सात रकाने पुरेत: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि गाव, वर्ष, आवृत्ती, अवस्था. क्रमांक पुस्तकात पेन्सिलने, शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात टाका. बॉलपेनने कधीच नाही. फोनवर तीन फोटो घ्या: वेष्टन, शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू. मागची बाजू सगळे विसरतात आणि तारीख, आवृत्ती, मुद्रक हे सगळं तिथेच असतं.

वर्षाच्या रकान्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

‘पहिली आवृत्ती’ वाचून लगेच तेच वर्ष लिहू नका, खाली ‘पुनर्मुद्रण’ आहे का पाहा. दोन्ही वर्षं नोंदवा. जुन्या मराठी पुस्तकांवर फक्त शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्चमधली पुस्तकं ७९ ने पुढे जातात. महिना माहीत नसेल तर दोन्ही सन तिरप्या रेघेने लिहून ठेवा.

वर्षच छापलेलं नसेल तर किंमत आणि पत्ता पाहा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, कारण १९६४ मध्ये ‘नवे’ गळालं. पत्ता ‘मुंबई ४’ किंवा ‘मुंबई २८’ एवढाच असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा धरायला हरकत नाही. त्या दिवशी सहा आकडी पिनकोड आला आणि गिरगावचं ४ हे ४००००४ झालं, दादरचं २८ हे ४०००२८. काही प्रकाशक जुना पत्ता पुढेही छापत राहिले, त्यामुळे हा अंदाजच, यादीत चौकोनी कंसात लिहायचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तेरा आकडी असेल तर ते मुद्रण बहुतेक २००७ नंतरचं.

गणिताच्या पुस्तकांची तारीख आतूनच कळते. उदाहरणांत आणे-पै, शेर, मण, तोळे असतील तर पुस्तक मेट्रिक पद्धत रुळण्याच्या आधीचं. अकरावीच्या मॅट्रिकसाठी लिहिलेलं असेल तर १९७५ च्या आधीचं, कारण दहावीची पहिली शालान्त परीक्षा त्या वर्षी झाली. आणि दुसरीच्या पुस्तकात एकवीस ऐवजी ‘वीस एक’ दिसलं तर ते २०१९ चं किंवा त्यानंतरचं. त्यावरून किती वाद झाला ते शिक्षकांच्या घरात सांगायला नको.

तपासणी: यादीतली कुठलीही दहा नावं निवडा आणि पुस्तकं हुडका. दहापैकी एक जरी सापडलं नाही तर क्रमांक टाकण्यात कुठेतरी घसरलात. पुढे जाण्याआधी तो घोळ मिटवा.

## टप्पा ४: काय ठेवायचं, काय द्यायचं

हा टप्पा तीनही विषयांसाठी वेगवेगळा करा, एका दिवशी एकच विषय. मिसळलात की शेवटी सगळंच ठेवावंसं वाटतं.

कला. पिकासो, मातीस, क्ले यांच्यावरचे मोठे परदेशी अल्बम घरोघरी निघतात आणि त्यांना हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. बहुतेकदा हेच आधी द्यावेत. त्यांच्या आवृत्त्या मोठ्या होत्या, नवी छपाई अधिक चांगली आहे आणि जुन्या पुस्तकांतले रंग कित्येकदा मूळ चित्राशी फारकत घेतलेले असतात. अपवाद: लेखकाची किंवा चित्रकाराची सही, मालकाचे अभ्यासू शेरे, किंवा छापील मजकूर आजही कामाचा असेल तर.

खरं लक्ष चार-आठ पानी कागदांकडे द्या. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. तिथल्या आणि पुंडोल, केमोल्डसारख्या दालनांतल्या प्रदर्शनांची घडीची पत्रकं, किमतींच्या टंकलिखित याद्या, ललित कला अकादमीच्या एकेका चित्रकारावरच्या छोट्या पुस्तिका, ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाचे सुटे अंक. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधल्या सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांची नावं दिसली तर थांबा आणि पत्रक दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. गाजलेल्या नावांपेक्षाही न गाजलेल्या चित्रकाराचं पत्रक अधिक जपण्यासारखं असतं. त्याच्यावर नंतर पुस्तक निघालेलंच नसतं, त्या प्रदर्शनात काय होतं हे सांगणारा तो एकच कागद असतो.

सावधान: पुस्तकातून चित्राचं पान कापून फ्रेम करण्याचा मोह होतो. करू नका. पुस्तकही जातं आणि भिंतीवरचं पान दोन वर्षांत फिकं पडतं.

समीक्षा. इथे अधोरेखनं आणि समासातले शेरे हा दोष धरला जातो. विकणाऱ्यासाठी असेल. ठेवणाऱ्यासाठी नाही. ज्या घरात समीक्षा वाचली गेली तिथे लेखकाशी भांडण समासातच झालेलं असतं आणि ते दुसऱ्या प्रतीत मिळणार नाही. शेरे असलेली पुस्तकं वेगळी काढा, शेवटी कमी असतात.

मराठी समीक्षेच्या आवृत्त्या मुळात लहान आणि पुन्हा छापणं विरळ. त्यामुळे ‘पुन्हा मिळेल’ असं गृहीत धरू नका. आधी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात ते पुस्तक आहे का ते पाहा. तिथे असेल आणि तुमच्या प्रतीत शेरे नसतील तर निर्धास्त द्या. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. ती छापील प्रतीत ठेवायची की नाही हा प्रश्न जागेचा आहे, भावनेचा करू नका. ‘सत्यकथा’, ‘आलोचना’ यांसारख्या मासिकांचे सुटे अंक मात्र ढिगाने देऊ नका. आधी वर्षवार लावा, कुठले अंक नाहीत ते यादीत लिहा. अर्धवट असला तरी क्रमाने लावलेला संच अभ्यासक घेतो, विस्कटलेला कोणी घेत नाही.

जुन्या कागदाची पानं दुमडल्यावर तुटत असतील तर ते पुस्तक वाचण्यासाठी संपलं. फोनने स्कॅन करून ठेवा, पाठ जबरदस्तीने सपाट न करता. हे स्वतःच्या वापरासाठी. जगासाठी खुलं करायचं असेल तर स्वामित्वहक्क पाहावा लागतो. लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं तो टिकतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०१७ पासून मुक्त आहे. पण त्याच पुस्तकाला दुसऱ्या कुणाची प्रस्तावना असेल तर तिचा हिशेब वेगळा.

शालेय गणित. सर्वांत जास्त अन्याय याच फळीवर होतो. ‘अभ्यासक्रम बदलला’ एवढं म्हणून पूर्ण फळी रद्दीत जाते. आधी चार भाग करा.

चालू पाठ्यपुस्तकं: बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, त्यामुळे ठेवायचं कारण नाही. दहावीचा सध्याचा गणिताचा संच २०१८ चा. तो जवळच्या शाळेत किंवा अभ्यासिकेत लगेच द्या, उशीर झाला तर त्याचाही उपयोग सरतो.

मार्गदर्शिका, अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स: रद्दी. इथे हात थरथरू देऊ नका.

शिक्षकांसाठीची हस्तपुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य, शिक्षकाने स्वतः काढलेले प्रश्नपत्रिकांचे संच: ठेवा. पाठ्यपुस्तकाच्या लाखो प्रती निघतात, यांच्या मोजक्याच निघतात, आणि वर्गात गणित कसं शिकवलं जात होतं हे पाठ्यपुस्तकापेक्षा यातून जास्त कळतं.

चौथा भाग जुन्याचा. बालभारतीची स्थापना १९६७ ची. त्याआधीची खासगी प्रकाशकांची अंकगणितं, भूमितीची पुस्तकं, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे, पाढे असलेल्या उजळण्या आणि अंकलिप्या. या पुस्तिका पोरांच्या हातातच फाटायच्या, म्हणून धड प्रत क्वचित दिसते. अशी एखादी निघाली तर तिचं वेष्टन नसलं तरी ती जपण्याच्या ढिगात जाते. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची गणिताची पुस्तकंही वेगळी काढा. ती मागून नेणारी माणसं अजून आहेत.

गणिताच्या पुस्तकात पेन्सिलने सोडवलेली उदाहरणं खोडू नका. आणि शेवटची उत्तरांची पानं आहेत का ते पाहा. शिक्षकांच्या घरी ती मुद्दाम फाडून ठेवलेली असतात, कपाटातल्या एखाद्या पाकिटात एकगठ्ठा सापडतील.

## टप्पा ५: खोकी

आता खोकी आणा. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढंच उंच खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर पंचवीस किलोच्या आसपास जातं. आर्ट पेपर असेल तर पस्तीसच्याही पुढे. लिफ्ट नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून हमाल ते आणतो तेव्हा तळ फाटतो. म्हणून लहान खोकी घ्या, बारा-पंधरा किलोंपर्यंतच भरा आणि तळाला चिकटपट्टीचे दोन थर आडवे-उभे द्या.

मोठी कलापुस्तकं आडवी, चार-पाचच्या वर थर नाही. बाकीची उभी, किंवा पाठ खाली करून. पानांची मोकळी बाजू खाली करून कधीच ठेवू नका, पानांच्या वजनाने शिलाई सुटते. रिकाम्या जागेत कोरा कागद चुरगाळून भरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते आणि कागद आम्लयुक्त असतो. डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ माणसाला चांगली नाही आणि तो वास पुस्तकाला वर्षानुवर्षं सोडत नाही. कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर कडकडीत वाळलेला घाला. ओलसर पाल्यानेच बुरशी आल्याचं अनेकदा दिसतं.

सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लास्टिकचं आवरण द्यायला हरकत नाही, पण पुस्तक पूर्ण कोरडं असेल तरच. दमट पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद करणं म्हणजे बुरशीला भाड्याचं घर देणं.

खोक्याच्या दोन बाजूंना क्रमांक लिहा आणि यादीत आठवा रकाना जोडा: खोका क्रमांक. ‘बाबांची पुस्तकं’ असं लिहून काही कळत नाही.

तपासणी: खोकं उचलून हलकं हलवा. आत काही सरकतंय का? सरकत असेल तर उघडा आणि भरा.

## टप्पा ६: देणं, विकणं

यादी तयार असेल तर हे काम दोन दिवसांचं, नसेल तर दोन महिन्यांचं.

ग्रंथालयाला खोकी घेऊन जाऊ नका. आधी यादी पाठवा आणि त्यांना हवी ती पुस्तकं निवडू द्या. ‘सगळं घ्या, नाहीतर काहीच नको’ अशी अट घातली की बहुतेक ठिकाणी नम्र नकार मिळतो आणि तो योग्यच असतो, जागा त्यांच्याकडेही नाही. ‘बाबांच्या नावाचं वेगळं कपाट’ ही अटही सोडून द्या. पाटी हवी असेल तर पुस्तकाच्या आतल्या पानावर छोटी छापील चिठ्ठी लावू द्या का, एवढं विचारा.

कोणाला काय विचारायचं हेही जुळवून पाहा. जुन्या गणित-पुस्तकांसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, कलेसाठी जे. जे. कला महाविद्यालयाचं ग्रंथालय, समीक्षेसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा एखाद्या महाविद्यालयाचा मराठी विभाग. प्रत्येकाला फक्त त्यांच्या विषयाची यादी पाठवा. साडेसहाशे नावांची सरमिसळ यादी कोणी उघडत नाही.

विकायचं असेल तर हुतात्मा चौक आणि किंग्ज सर्कलचे पदपथावरचे विक्रेते आहेत. ते घाऊक भाव देतात. एकेक पुस्तकाचा भाव विचारत बसलात तर त्यांचा आणि तुमचा दोघांचा वेळ जातो. म्हणून मोलाची दहा-वीस आधीच बाजूला काढा, उरलेल्याचा एक आकडा ठरवा. कलेच्या पुस्तकांना ते बरा भाव देतात, समीक्षेला फारच कमी, शालेय गणिताला जवळजवळ नाही. हा भाव म्हणजे पुस्तकाची योग्यता नव्हे, गिऱ्हाईक किती लवकर मिळेल याचा अंदाज आहे.

गावाकडच्या शाळेला पाठवायची असतील तर आधी शाळेतल्या माणसाशी बोला. त्यांना काय हवं ते विचारा. वापरलेल्या प्रश्नसंचांची खोकी पाठवून पुण्य लागत नाही. टपालाने पाठवायची असतील तर पाच किलोंच्या आतली पुडकी करा आणि टपाल कार्यालयात ज्ञान पोस्ट या पुस्तकांसाठीच्या सेवेबद्दल विचारा.

पुस्तक गेलं की त्याच दिवशी यादीत कुठे गेलं ते लिहा. वर्षभराने भाचा विचारतो, ‘काका, ते भूमितीचं पुस्तक कुठे गेलं?’ तेव्हा उत्तर हवं असतं.

## टप्पा ७: भाड्याच्या घरात

खोकी जमिनीवर ठेवू नका. लाकडी पाट, जुनी मांडणी, विटा, काहीही चालेल, पण खाली किमान अर्धा फूट मोकळं हवं. तळमजला असेल तर दोन फूट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तळमजल्यांवर सगळ्यात आधी भिजलं ते खालच्या फळीवरचं. बाहेरच्या भिंतीपासून आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. माळा सोयीचा वाटतो, पण स्लॅब गळत असेल तर पहिलं पाणी तिथेच पडतं. माळ्यावर ठेवायचीच तर गणिताची चालू पुस्तकं ठेवा, पत्रकं नाही.

आठवडाभराने दोन खोकी उघडून पाहा, एक भिंतीजवळचं आणि एक मधलं. नंतर दर महिन्याला एक, क्रमाने. जून लागण्याआधी सिलिका जेल बदला. निळ्या दाण्यांचं असेल तर गुलाबी झालेलं दिसतं. तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा निळं करता येतं, फक्त तो तवा नंतर पोळ्यांसाठी वापरू नका.